मार झेलणारी खार

संगणकावरील खेळांत मुलें गुंतलेलीं पाहून घरांतील वडील मंडळी त्रासतात, तें अगदींच निष्कारण नव्हे. तथापि ‘पोकेमॉन’ या जपानी खेळांतील एक हकीकत आम्हांस त्यांच्याही कानीं घालावीशी वाटते.

या खेळाच्या जागतिक सामन्यांत प्रत्येक खेळाडू आपल्या सहा प्राण्यांपैकीं चार निवडतो, व एका वेळीं दोहों बाजूंचे दोन-दोन प्राणी झुंजतात. जो तो अर्थातच बलाढ्य प्राणी शोधतो. सन २०१४ सालीं वॉशिंग्टन येथें दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क यानें मात्र ‘पाचिरिसु’ नामक, चार किलोहूनही हलकी खार आणिली! तिचा प्रहार दुबळा. परंतु ‘फॉलो मी’ ही तिची चाल अशी, कीं जोडीदारावर रोखलेले शत्रूचे वार त्या फेरीपुरते तिच्याच अंगावर यावेत. तिचा जोडीदार ‘ग्याराडोस’ हा अजस्र जलचर. विजेचें त्याला मोठें वावडें. खार तर विजेचा आघात पचवून उलट ताजीतवानी होते. ती मार झेलीत असतां ग्याराडोसला आपलें काम उरकण्यास उसंत मिळे. पार्क जगज्जेता झाला.

पुढें अनेकांनीं तीच खार उचलली असेल. पण योग्य जोडीदारावांचून ती कुचकामाचीच, असें आमचें स्पष्ट मत आहे. शिवाय भूकंपासारखा सर्वांवर एकदम कोसळणारा वार तिला स्वतःकडे ओढतां येत नाहीं, व तो तिला बाधतोही फार. समोर तसा शत्रु दिसल्यास तिला मागें ठेवणेंच बरें.