चारा कोणाच्या बांधावर?

हिंजवडीचे नाव निघाले की आयटी पार्क आणि वाहतूक कोंडी एवढीच चर्चा होते. मुळशी तालुक्यातील या भातपट्ट्यात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या, तेव्हा मोबदल्याचा धनी ठरला तो सातबारावाला. बांधावरचे गवत कापून दोन शेळ्या जगवणाऱ्या भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर असणार कुठून? बांध गेला, चारा गेला, शेळ्याही गेल्या.

आता शेतीतज्ज्ञ सांगतात, पीक आणि जनावरे यांच्या जोडीला बहुवार्षिक चारा लावा. सल्ला चांगला आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला ‘बाएफ’ उभी केली आणि तिने सुबाभूळ खेड्यापाड्यांत नेली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले जयवंत’ हे संकरित नेपिअर दिले. ठोंब एकदा लावले की तीन-चार वर्षे नांगरट नाही, बियाणे नाही. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढे दर दीड-दोन महिन्यांनी. पाणी असेल तर हेक्टरी वर्षाला १०० टन चारा सहज निघतो. म्हणजे गुंठ्याला एक टन, एका शेळीचा वर्षभराचा हिरवा चारा! पाणी नसेल तर बांधावर मारवेल, शेवरी, दशरथ घास. शेवरी, दशरथसारखी द्विदल झाडे जमिनीला नत्र देतात, लेंडीखत परत पिकाला जाते. (सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नये, त्यातले मिमोसिन जनावराला बाधते.)

पण तीन-चार वर्षे उभे राहणारे पीक लावायला तीन-चार वर्षांची खात्रीची जमीन लागते. उद्या तहसीलदाराची नोटीस येईल या धास्तीत असलेला गायरानधारक ठोंब कशाच्या भरवशावर लावणार? बाबासाहेबांनी १९१८ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिले होते की, शेत लहान की मोठे हा प्रश्न नुसता एकरांचा नसून त्यावर लावता येणाऱ्या भांडवलाचा आणि साधनांचा आहे. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याला भांडवल तरी कोण देणार?

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील वहिवाट नियमित करण्याचे ठरले. तरीही २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरसकट नोटिसा निघाल्या. गायरान गुरांसाठी आहे, दलितांनी ते बळकावले, अशी ओरड तेव्हाही झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालाचा हवाला सर्रास दिला जातो. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद नमूद आहे, हे मात्र कोणी वाचून दाखवत नाही.

म्हणून गायरान कसणाऱ्या आपल्या बांधवांनी बांधावर आणि चार-दोन गुंठ्यांत बहुवार्षिक चारा लावावा, असे माझे वकील म्हणूनही मत आहे. जनावरांचे पोट भरेल, ‘गायरानावर चारा उरला नाही’ या ओरडीला उत्तर मिळेल आणि बारमाही उभा ठोंब पंचनाम्यात वहिवाटीचा पुरावा म्हणून दाखवता येईल. कार्यकर्त्यांनी तलाठ्याकडून गाव नमुना १-ई मधील नोंदीची नक्कल आधी मिळवावी. आणि चाऱ्याचे ठोंब, बियाणे देताना शासनाने सातबाऱ्याची अट काढून ही १-ई ची नोंद ग्राह्य धरावी, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा. पावसाळ्याच्या तोंडावर लागवड होते. अर्ज उन्हाळ्यातच गेले पाहिजेत.