देणं आपलं, मर्जीही आपलीच

मैत्रिणींनो,

आखाजी झाली. पितरांच्या नावानं घागरी भरून झाल्या, वर डांगर ठेवून पूजा झाली, माहेरवाशिणींचे झोकेही झाले. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही दोन दिवस धुळ्याला आईकडे राहून आले. जळगावला परतले, तर तुमच्यापैकीच एका भगिनीचं चार पानी पत्र येऊन पडलेलं. त्या पत्रानं मला दोन रात्री नीट झोपू दिलं नाही. म्हणून या वेळी लोणच्या-पापडांच्या गोष्टी बाजूला ठेवू या.

या बाईंच्या यजमानांचं वय बेचाळीस. दोन्ही मूत्रपिंडं, म्हणजे आपण किडनी म्हणतो ती, निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. डॉक्टरांनी घरच्यांना बसवून सांगितलं, की किडनी बसवता आली तर बरं होईल. घरात सासूबाई आहेत, दोन दीर आहेत. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं आणि सगळ्यांची नजर वळली ती या बाईंकडे! सासूबाई म्हणाल्या, "सावित्रीनं यमाच्या हातून नवरा परत आणला, तुला एक किडनी जड झाली का?" बाई लिहितात, "मला द्यायची नाही असं नाही हो, पण भीती वाटते. मुलं लहान आहेत. नाही म्हटलं तर पाप लागेल का? आणि हो म्हटलं तर शरीर अपुरं घेऊन देवाकडे जावं लागेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. माझे वडील गेले तेव्हा आम्ही त्यांचे डोळे दिले. शेजारच्या एक आजीबाई म्हणाल्या, "व माय, पुढच्या जन्मी आंधळे होतील ना!" आई रडत होती, पण शांतपणे म्हणाली, "अहो, आपण सगळं शरीरच अग्नीला देतो. मग अग्नीला दिलेले डोळे पुढच्या जन्मी मिळतात, आणि माणसाला दिलेले मिळत नाहीत, असं कसं?" आजीबाई गप्प झाल्या. मला तरी याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. आपल्याकडे शरीराला जुन्या वस्त्राची उपमा दिली आहे. वस्त्र टाकायचंच आहे, तर त्याचा तुकडा कुणाच्या उपयोगी पडला म्हणून काय बिघडलं? आपल्या मराठवाड्यात जन्मलेले नानाजी देशमुख २०१० साली चित्रकूटला वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचा देह दिल्लीला वैद्यकीय शिक्षणासाठी देण्यात आला. धर्म मानणारा तो माणूस. त्यांना यात अधर्म दिसला नाही.

आता पहिला प्रश्न, आणि खरा अवघड प्रश्न. नाही म्हटलं तर पाप का?

आपल्या पुराणांत शरीर देणारे पुष्कळ आहेत. दधीची ऋषींनी वज्रासाठी अस्थी दिल्या, शिबी राजानं कबुतरासाठी मांडीचं मांस कापून दिलं, कर्णानं अंगचं कवच उतरवून दिलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. यांतल्या प्रत्येकानं स्वतःचं दिलं आणि स्वतः ठरवून दिलं. दधीचींच्या अस्थी दुसऱ्या कुणी परस्पर देऊन टाकल्या असत्या, तर त्याला आपण दान म्हटलं असतं का? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मनाला क्लेश होत असताना, कुढत दिलेलं दान तिथेही उत्तम मानलेलं नाही. म्हणजे भीतीपोटी दिलेलं दान धर्मानंही वरच्या पायरीवर बसवलेलं नाही, बरं का!

आणि सासूबाईंची सावित्री? वडाला सूत गुंडाळताना आपण ती कथा दरवर्षी ऐकतो, पण नीट ऐकतो का? सावित्रीनं यमाशी बोलून, बुद्धीनं नवरा परत मिळवला. कुणी ढकललं म्हणून ती यमामागे गेली नव्हती. आणि तिनं पहिला वर मागितला तो सासऱ्यांच्या दृष्टीचा. बळजबरी या कथेत कुठेच बसत नाही.

आता व्यवहाराचं सांगते. आपल्याकडे यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण हे सगळेच त्यात जवळचे नातेवाईक आहेत. २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. म्हणजे पत्रातल्या दिरांनाही देता येते, आणि तब्येत तपासून घेतली तर सासूबाईंनाही! रक्तगट जुळला नाही तर दुसऱ्या तशाच कुटुंबाशी अदलाबदल करण्याचीही सोय आहे. अवयव विकणं-विकत घेणं मात्र गुन्हा आहे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे २०१४ च्या नियमांत बायकांसाठी मुद्दाम लिहिलं आहे, की देणारी स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. हा नियम उगीच आला असेल का? १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली. त्यांत अवयव मिळालेल्या स्त्रिया फक्त ६,९४५. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. घ्यायच्या रांगेत आपण मागे आणि द्यायच्या रांगेत पुढे!

म्हणून ताई, तुम्ही असं करा. डॉक्टरांना एकटीनं भेटा. घरचं कुणी बरोबर नको. तुमचा रक्तदाब, साखर, लघवी, दोन्ही किडन्या यांच्या तपासण्या होतील. प्रकृती धडधाकट असेल तर एका किडनीवर माणूस चांगलं आयुष्य काढतो, पण पुढे दरवर्षी तपासणी चुकवायची नाही. आणखी मूल हवं असेल तर तेही आधीच विचारा. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे घागर-बादली उचलायची नाही. तेव्हा घर कोण सांभाळणार, हे आधी ठरवून घ्या. यजमानांनाही पुढे जन्मभर औषधं घ्यावी लागतील, त्याचा खर्चही विचारून ठेवा. मन मागे सरकलं तर शस्त्रक्रियेच्या आधी कधीही नाही म्हणता येतं. आणि एकदा यजमानांशीही बोला. कदाचित त्यांनाच तुमच्या भीतीची कुणी कल्पना दिली नसेल.

माझ्यावर वेळ आली तर? मी देईन असं वाटतं. पण ते मी ठरवीन, घरातल्या नजरा नव्हेत. तुम्ही हो म्हणालात तर पुण्यवान, आणि नाही म्हणालात तर पापी, असं मी लिहिणार नाही.

आपणा बाकीच्यांनाही एक करता येतं. मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव घरच्यांनी दिले, तर अशा कितीतरी बायकांवरचं ओझं हलकं होईल. आपले माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख २०१२ साली चेन्नईला अवयव मिळण्याआधीच गेले. एवढ्या मोठ्या माणसाला वेळेवर मिळाला नाही, मग आपल्यासारख्यांचं काय? आणि डोळे तर घरी मृत्यू आला तरी सहा तासांच्या आत देता येतात. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला कळवायचं. पण त्या वेळी संमती घरच्यांनाच द्यायची असते, म्हणून आपली इच्छा आजच त्यांच्या कानावर घाला.

आखाजीला दिलेलं दान अक्षय होतं म्हणतात. यंदा जेवणं झाल्यावर मी यजमानांना आणि मुलांना बसवून माझी इच्छा सांगितली. धाकटी जरा रडली. मग म्हणाली, "आई, तुझे डोळे कुणाला मिळाले ते आम्हाला कळेल का?" मी म्हटलं, "नाही गं. पण कुणीतरी बघत असेल, एवढं नक्की."

तुमची,
एक मैत्रीण