कुलूप निघाले, दार उघडावयाचे आहे

शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले, तेव्हा सातारा-सांगलीकडील विद्यार्थ्याची पुण्याची खेप वाचली. कोल्हापूरची खेप मात्र उरलीच. जतच्या वा माणच्या एखाद्या शिक्षकाला आपल्याच तालुक्याविषयी लिहिलेला प्रबंध पाहावयाचा झाला, तर त्याने एस. टी. पकडावी, विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय गाठावे, आणि परतीची गाडी चुकणार नाही अशा बेताने टिपणे उतरवून घ्यावीत, असा क्रम पुष्कळ वर्षे चालला. आज त्याच विद्यापीठाचे हजारो प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या 'शोधगंगा' या भांडारात कोणालाही विनामूल्य पाहता येतात. दूरशिक्षण विभागाची स्वयंअध्ययन पुस्तके विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. नियमित महाविद्यालयांतील विद्यार्थीही परीक्षेच्या तोंडावर हीच पुस्तके चाळतात, ही गोष्ट प्राध्यापक मंडळींनी फारशी मनाला लावून घेऊ नये!

या कामाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. ज्या भूमीत १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, तेथे विद्येने विद्यार्थ्याच्या दाराशी जावे हा विचार कोणाला नवा नाही. कर्मवीरांच्या नावाचे सार्वजनिक विद्यापीठही २०२१ पासून साताऱ्यात उभे आहे. परंतु स्वागत करून थांबावे अशी परिस्थिती नाही. ग्रंथ संकेतस्थळावर चढविला म्हणजे तो वाचकाच्या हाती पडला, अशी एक सोयीची समजूत आपल्या विद्यापीठांतून रूढ होऊ लागली आहे. ती खोटी आहे, आणि तिचा सर्वांत मोठा फटका मराठीला बसत आहे.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. छापील पान यंत्राने टिपून घेतले की त्याचे केवळ चित्र तयार होते. माणसाला त्यावर अक्षरे दिसतात, यंत्राला दिसत नाहीत. ती ओळखून त्यांचा मजकूर करण्याची निराळी क्रिया करावी लागते, आणि नंतर कोणी जाणत्याने तो तपासावा लागतो. इंग्रजी प्रबंधांच्या बाबतीत हे काम बरेचसे आपोआप होते. मराठीची जोडाक्षरे अजूनही यंत्राला चकवतात. त्यात संगणकावर जुळविलेल्या कित्येक मराठी प्रबंधांसाठी युनिकोडपूर्व पद्धतीचे टंक वापरलेले आहेत. अशा प्रबंधातील ओळ उचलून दुसरीकडे ठेवली तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता हाती येतो. भरीस भर म्हणून अनेक मराठी प्रबंधांची शीर्षके सूचीत रोमन लिपीत, ज्याला जसे सुचले तशा वर्णांत नोंदविलेली आहेत. प्रतिसरकारविषयी वाचू इच्छिणाऱ्या कुंडलच्या तरुणाने 'प्रतिसरकार' हा शब्द इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहून पाहावा? तीन तऱ्हा करून काही न सापडल्यास या विषयावर कोणी काही लिहिलेलेच नाही, असा त्याचा समज झाला तर दोष त्याचा नव्हे.

सूची करणाऱ्याला स्थानिक इतिहासही ठाऊक असावा लागतो. आजचा सांगली जिल्हा १९४९ पासून १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' या नावाने ओळखला जात होता. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे साताऱ्यातले की सांगलीतले, याचे उत्तर कागद कोणत्या सालचा आहे यावर अवलंबून राहील. 'सांगली' शब्दाने शोधणाऱ्यासमोर 'दक्षिण साताऱ्या'चे कागद येतील, अशी जोडणी यंत्र स्वतःहून करीत नाही. ती ग्रंथपालालाच करावी लागते, आणि ग्रंथपालाची पदे रिकामी ठेवण्याची आपली परंपरा सर्वांना ठाऊक आहे.

मराठीत हे काम जमत नाही, ही सबब चालणार नाही. त्याचा पुरावा सातारा जिल्ह्यातच, वाईला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्या मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आज देवनागरीत शब्द घालून शोधता येतात. विश्वकोश हे शासनाच्या मंडळाचे काम, विद्यापीठाचे नव्हे, हे खरे. पण कार्यालय कोणाचेही असले तरी लिपी तीच आहे.

विलंबाची किंमत काय असते ते सांगलीने पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर चढले; धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. त्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील ग्रंथसंपदेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. भिजलेले कोरे कापड वाळवता येते; शंभर वर्षांच्या ठिसूळ कागदाचा लगदा होतो. जुन्या मासिकांचे अंक, संस्थानकालीन छपाई, नाटक मंडळ्यांची पुस्तके अशा वस्तू बाजारात पुन्हा मिळत नसतात. २०२१ च्या जुलैत नदी पुन्हा शहरात आली.

म्हणून विद्यापीठाने आपल्या ग्रंथालयाच्या भिंतीबाहेर पाहिले पाहिजे. सातारा, वाई, कऱ्हाड, सांगली, मिरज येथील जुन्या वाचनालयांच्या कपाटांत जे आहे, त्याची टिपणी करणे हे एकेका वाचनालयाच्या तुटपुंज्या अनुदानात बसणारे काम नव्हे. कायद्याची अडचणही सांगतात तेवढी मोठी नाही. आपल्याकडे ग्रंथस्वामित्व सर्वसाधारणपणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे राहते. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, त्यांच्या पुस्तकांसाठी अर्थातच परवानगी हवी. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली वारले. त्यांची नाटके केव्हाच सर्वांची झाली आहेत.

मनुष्यबळाचे म्हणाल, तर 'कमवा आणि शिका' ही याच मातीतली योजना आहे. बागेत पाणी घालणाऱ्या विद्यार्थ्याला जुने मराठी पान तपासण्याचे काम दिले आणि त्याचा योग्य मोबदला दिला, तर त्याचे शिक्षणही होईल आणि पानही शुद्ध होईल. कोल्हापूर आणि सातारा येथील दोन्ही विद्यापीठांनी हे काम वाटून घ्यावे, नवा प्रबंध युनिकोडमध्ये आणि देवनागरी शीर्षकासह आल्याखेरीज स्वीकारू नये, आणि येत्या अंदाजपत्रकात जुन्या प्रबंधांच्या सूचीसाठी स्वतंत्र रक्कम दाखवावी. अधिसभेच्या सदस्यांनी ती कोठे आहे असे विचारावे. वाचनालयांचे काम मात्र अंदाजपत्रकाची वाट पाहू शकत नाही. पावसाळ्यात कृष्णा केव्हा चढेल याचा नेम नसतो. नदीकाठच्या वाचनालयांत तळमजल्यावरची कपाटे आधी घ्यावीत.