मधमाशीचा डंख आणि संधिवात

औशात परवा एका मावशींनी आम्हांस विचारले, "मधमाशी डसवून घेतली की सांधे मोकळे होतात म्हणे, खरं का?"

मधमाशीच्या सुकवलेल्या विषात जवळपास निम्मे मेलिटिन असते. त्याने प्रयोगात उंदरांची सूज उतरली. माणसांबाबत मात्र भक्कम पुरावा नाही. उलट, स्पेनमधील एक बाई दोन वर्षे डंख घेत होती, काही झाले नाही. मग एका डंखाने बेशुद्ध पडली आणि पुढे दगावली. ही नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली. आज सोसले म्हणून उद्या सोसेलच असे नाही.

माता-भगिनींनो, सकाळी तासभर बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर लातूरचे सरकारी रुग्णालय गाठा, रक्त तपासून घ्या. वेळीच औषध मिळाले तर सांधे वाकडे होणे टळू शकते. आम्हीही मावशींना हेच सांगितले.