तळ्यातल्या माशांच्या जखमा आणि माळ्याचा पगार



पुण्याच्या एका मोठ्या गृहसंकुलात माळीकाम करणाऱ्या बांधवाचे पत्र आले आहे. संकुलाच्या बागेत सिमेंटचे लहान तळे आहे आणि त्यात कोई जातीचे रंगीत मासे आहेत. गेल्या तीन आठवड्यांत माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, चट्ट्यांच्या उघड्या जखमा झाल्या आणि चार मासे मेले. कमिटीच्या मंडळींनी त्यांना बोलावून विचारले, "पाण्यात काय टाकलेस?" आणखी मासे मेले तर पगारातून कापू, असेही सुनावले. दुकानदाराने अँटिबायोटिकची पुडी दिली आहे, ती तळ्यात टाकू का, असे ते विचारतात. आपले कितीतरी भाऊ आणि भगिनी बंगल्यांत, हॉटेलांत, कंपन्यांच्या आवारात बागेची कामे करतात. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

बंधू, ती पुडी तूर्त बाजूला ठेवा. जखम माशाच्या अंगावर दिसते, पण दुखणे बहुधा पाण्यात असते.

कोई म्हणजे कोणी वेगळा मासा नव्हे. आपल्याकडच्या तलावांत सायप्रिनस म्हणून जो मासा सोडतात, त्याचीच ही रंगीत पैदास. जपानच्या निगाता भागातल्या डोंगराळ गावांत भातशेती करणारे लोक खाण्यासाठी हे मासे पाळत. त्यांतले रंगीत निघालेले त्यांनी निवडून वाढवले आणि १९१४ सालच्या टोकियोच्या प्रदर्शनात ते जपानभर माहीत झाले. आज त्याची किंमत ऐकली तर डोके फिरते. २०१८ साली हिरोशिमाच्या लिलावात एक कोई २० कोटी ३० लाख येनला विकला गेला. तुमच्या तळ्यातले मासे काही तेवढ्या मोलाचे नसतील, पण मासे आणायला पैसे आणि पाणी तपासायच्या साध्या संचाला पैसे नाहीत, हा प्रकार मात्र मोठ्या मोठ्या ठिकाणी असतो.

आता जखमांचे बघू. या जखमांत बहुतेक वेळा एरोमोनास जातीचे जंतू सापडतात, कधी स्युडोमोनास. परांची टोके झिजून कुजतात, तोंडाभोवती पांढुरका कापसासारखा थर येतो, त्यामागे बऱ्याचदा फ्लेवोबॅक्टेरियम नावाचे जंतू असतात. हे जंतू कोणी बाहेरून आणून टाकावे लागत नाहीत. पाण्यात, तळच्या गाळात, माशाच्या आतड्यातसुद्धा ते असतातच. निरोगी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्यांना आत येऊ देत नाही. पाणी बिघडले, गर्दी झाली, मासा दगडाला घासला किंवा अंगावर उवा-जळवांसारखे परजीवी बसले की तो थर फाटतो आणि जंतूंना वाट मिळते. मसुरीच्या दाण्याएवढी चपटी माशाची ऊ आणि दोऱ्यासारखा लोंबणारा कृमी नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कल्ल्यांतले बारीक कृमी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. मासे भिंतीला अंग घासत असतील, मधूनच उसळी मारत असतील, तर परजीवींचा संशय घ्या. ते तसेच ठेवून नुसत्या जखमेवर औषध लावले, तर एक जखम भरेपर्यंत दुसरी होते.

पाणी तपासायचा संच रंगीत माशांच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. त्यात अमोनिया, नायट्राइट आणि पीएच बघायचे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये राहणारे उपयोगी जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. यातले नायट्रेट बरेचसे निरुपद्रवी. पहिले दोन शून्य दिसले पाहिजेत. पीएच सातावरून आठावर गेला तर त्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्याचा पीएच उन्हे चढतील तसा वाढतो, म्हणून सकाळी तपासून सगळे ठीक दिसले तरी दुपारी पुन्हा तपासा.

पत्रात तुम्ही एक ओळ लिहिली आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. विजेचे बिल कमी यावे म्हणून रात्री दहा ते सकाळी सहा पंप बंद ठेवण्याचा कमिटीचा हुकूम आहे. बंधू, तुमच्या दुखण्याचे मूळ इथे असण्याचा संभव फार आहे. फिल्टरमधल्या उपयोगी जंतूंना वाहते, हवेशीर पाणी लागते. रोज आठ तास पंप बंद राहिला तर ते मरू लागतात. त्यात रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात आणखी पंचाईत. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडत असतील तर समजा की गुदमरताहेत. पंप चोवीस तास चालू ठेवायला सांगा. तोंडी सांगू नका, लिहून द्या.

दुसरे म्हणजे, फिल्टरमधले स्पंज आणि जाळ्या नळाच्या धारेखाली धुऊन लख्ख करू नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उपयोगी जंतू मरतात. तळ्याचेच पाणी बादलीत घेऊन त्यात खळबळून काढावे. तळ्यात नळी सोडून थेट नळाचे पाणी भरणेही बंद करा. क्लोरीन कल्ले जाळतो. सोडियम थायोसल्फेट पाकिटावरच्या प्रमाणात टाकून मगच पाणी सोडावे. रोज पाव हिस्सा पाणी असे बदलत जा, निम्म्याहून जास्त एकदम बदलू नका. अमोनिया शून्यावर येईपर्यंत खाद्य अगदी थोडे द्या किंवा बंद ठेवा. कोई काही दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. लहान मुले पाव टाकतात, त्यांना मात्र प्रेमाने थांबवावे लागेल.

औषधाआधी तळ्यात किती लिटर पाणी आहे ते काढा. अंदाजाने औषध टाकून जेवढे मासे मरतात, तेवढे कित्येकदा रोगानेही मरत नाहीत. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. तुमचे तळे ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ३ फूट खोल आहे. म्हणजे ७२ घनफूट, सुमारे २००० लिटर. एवढ्या पाण्यात किती मासे, हे तुम्ही लिहिले नाही. वीतभर लांबीचे पंधरा-वीस असतील तर गर्दी झालीच आहे.

सर्वांत सोपे आणि स्वस्त औषध म्हणजे खडे मीठ. दर लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या तळ्याला ६ किलो. जखमेतून बाहेरचे पाणी माशाच्या अंगात शिरत राहते आणि ते बाहेर टाकताना त्याची शक्ती जाते. पाण्यात मीठ असले की हा ताण कमी होतो. नायट्राइटचे विषही मिठाने सौम्य होते. दोन-दोन किलो करून तीन दिवसांत टाका, बादलीत विरघळवून, माशांच्या अंगावर पडणार नाही असे. कमळाच्या कुंड्या आधी बाहेर काढा, त्यांना मीठ मानवत नाही. फिल्टरमध्ये झिओलाइटच्या दगडांची पिशवी असेल तर तीही काढा, कारण मीठ लागले की ते दगड शोषलेला अमोनिया परत सोडतात. पाणी उन्हाने आटते, मीठ आटत नाही. म्हणून नुसती भर घालताना पुन्हा मीठ टाकू नये. जेवढे पाणी काढून टाकाल तेवढ्याचाच हिशेब धरावा.

विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट या कामी वापरतात. पण ते दुधारी आहे. प्रमाण १००० लिटरला २ ग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे फक्त ४ ग्रॅम, तेही काट्यावर तोलून. चिमूट किंवा चमचा हे माप नव्हे. फिल्टर वगळून, हवेचा पंप जोरात लावून, दिवसा, समोर उभे राहून टाकायचे. मासे तडफडू लागले तर ताबडतोब क्लोरीन काढलेले ताजे पाणी सोडायचे. फॉर्मेलिनबरोबर तर ते कधीही वापरू नये. पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या माणसाला बरोबर घ्या.

जास्त जखमी मासा वेगळा काढा. ५०० लिटरची पाण्याची टाकी चालेल. तळ्याचेच पाणी भरा, हवेची नळी सोडा आणि वर जाळी बांधा, कारण कोई उडी मारून बाहेर पडतो. जखमेवर लावायला पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे प्रथमोपचाराच्या पेटीतले तपकिरी औषध. दोघांनी मिळून करावे. हात ओले, खाली ओला स्पंज, माशाच्या डोळ्यांवर ओले फडके. जखमेचे पाणी कापसाने टिपून औषध लावा, कल्ल्यांत आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि मिनिटभरात मासा पाण्यात सोडा. हे रोज करू नये. वारंवार पकडल्याने मासा खचतो. ज्याचे पोट फुगून खवले उभे राहिले आहेत, तो बहुधा हाती लागत नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

आता त्या पुडीकडे येतो. अँटिबायोटिक तळ्यात ओतले की पहिला घाव फिल्टरमधल्या उपयोगी जंतूंवर पडू शकतो. अमोनिया पुन्हा चढतो आणि रोग होता तिथेच राहतो. ऑक्सिटेट्रासायक्लीन तर जड पाण्यातल्या चुन्याला बांधले जाते आणि त्याचा जोर उरत नाही. बोअरिंगचे पाणी जड असेल तर पैसे अक्षरशः पाण्यात. शिवाय अर्धवट मात्रेत वाचलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि ते पाणी शेवटी गटारातून वस्तीकडेच जाते. आपल्या लेकरांच्या आजारालाही याच जातीची औषधे लागतात. ज्या माशाला अँटिबायोटिकची खरेच गरज आहे, त्याला ते पशुवैद्यकाने वजन करून इंजेक्शनाने द्यावे, किंवा मासा खात असेल तर खाद्यातून. त्याआधी जखमेतला नमुना तपासून कोणते औषध लागू पडते ते पाहावे. नमुन्यासाठी आजारी पण जिवंत मासा सर्वांत चांगला. रात्री मेलेला मासा दुपारी नेला तर त्यात दुसरेच जंतू वाढलेले असतात. औषध टाकण्याआधीचे बाटलीभर पाणीही सोबत न्या. मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था, रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, नागपूर आणि उदगीरची मत्स्य महाविद्यालये, यांपैकी जवळ पडेल तिथे विचारावे.

चार-पाच दिवसांत बहुतेक मासे मरू लागले, डोळे खोल गेले, कल्ल्यांवर पांढरे मेलेले डाग आले, तर तो जंतूंचा रोग नसून कोई हर्पिस हा विषाणू असू शकतो. १९९८ साली तो इस्रायलमध्ये आढळला आणि २००३ साली जपानच्या कासुमिगाउरा सरोवरातले मासे त्याने प्रचंड संख्येने मेले. त्याला कोणतेही अँटिबायोटिक चालत नाही. म्हणूनही आधी तपासणी, मग औषध. नवा मासा आणला की तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. मेलेले मासे चुना टाकून विहिरीपासून दूर पुरावेत, ओढ्यात टाकू नयेत. उरलेले मासे नदीत किंवा गावतळ्यात सोडण्याची दया तर मुळीच करू नये.

पगाराचे सांगतो. नुकसान कामगाराच्याच हयगयीने झाले हे ठरल्याशिवाय आणि त्याला आपली बाजू मांडू दिल्याशिवाय मालकाला पगारातून कापता येत नाही. तुमची बाजू मांडायला आजपासून एक वही करा. तारीख, पाण्याचे तापमान, अमोनिया, पीएच, किती पाणी बदलले, काय टाकले, किती मासे मेले आणि पंप कोणी, किती वाजता बंद केला, हे सगळे लिहा. आठवड्याला सेक्रेटरींची सही घ्या. घरी शिकणारी मुलगी आहे, असे तुम्ही लिहिता, तिला आलेख काढायला सांगा.

शेवटी तुमच्या स्वतःच्या हातांबद्दल. पाण्यात हात घालण्यापूर्वी पंपाचे बटण बंद करा, काम झाले की लगेच चालू करा. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका. हाताला चीर असेल तर कोपरापर्यंतचे रबरी मोजे घाला आणि ते आणून देणे हे कमिटीचे काम आहे. माशांतले एरोमोनास माणसाच्या जखमेतही शिरतात. हात एक-दोन दिवसांत सुजला, लाल झाला, ताप आला, तर थांबू नका, दवाखान्यात जा. मधुमेह असणाऱ्यांनी जास्तच जपावे. दुसरा एक जंतू क्षयाच्या जंतूंच्या कुळातला आहे. त्याची गाठ बोटावर किंवा मनगटावर काही आठवड्यांनी उठते, फारशी दुखत नाही आणि साध्या मलमाने जात नाही. औषध कित्येक महिने घ्यावे लागते. अशी गाठ दिसली तर "मी माशांच्या तळ्यात काम करतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असे नाही.