अठरा फुटांचा संगणक



परवा आमच्या शाळेच्या व्हरांड्यात टेप लावून मी 18 फूट लांबीची खडूची रेघ ओढली. म्हटलं, "हा एक संगणक! एवढा लांब, 8 फूट उंच अन् अडीच फूट रुंद." पोरं हसायलाच लागली.

पण गंमत नाही हं ही! असा संगणक आपल्या मुंबईत खराच होता. त्याचं नाव टिफरॅक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो बांधला. आधी छोटा नमुना केला, मग मोठं यंत्र. 1960 साली ते रीतसर कामाला लागलं. 'टिफरॅक' हे नाव 1962 मध्ये पंडित नेहरूंनी दिलं.

त्यात होत्या 2,700 निर्वात नळ्या, म्हणजे आजोबांच्या जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह! वीज सुरू-बंद करायचं काम त्या करत. सुरू म्हणजे 1, बंद म्हणजे 0. एवढ्यावरच सगळा हिशेब! पण त्या जागा खूप खात, तापत आणि जळतही. स्मृती होती चुंबकी कड्यांची. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही.

ही झाली पहिली पिढी. टिफरॅक तयार होईपर्यंत परदेशात दुसरी पिढी आलीसुद्धा! नळीच्या जागी इवलासा ट्रान्झिस्टर.

ते ऐकून चौथीतली एक मुलगी हिरमुसली. "मग बाई, त्यांची मेहनत वायाच गेली की!"

काय सांगावं? क्षणभर मीही गप्प झाले. मग म्हटलं, "अगं, यंत्र जुनं झालं, पण शिकलेलं कुठं जातं?" 1964 साली त्याच संस्थेत अमेरिकेहून ट्रान्झिस्टरचा सीडीसी 3600 आला. तेव्हा संगणक आतून-बाहेरून ओळखणारी माणसं तिथं होतीच ना! पुढे 1991 मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या चमूनं 'परम 8000' हा महासंगणक घडवला.

आणि नळ्यांचं काय झालं? 1971 साली इंटेलनं 4004 ही चिप आणली. नखाहून लहान चिपवर 2,300 ट्रान्झिस्टर!

तुम्हीही व्हरांड्यात 18 फुटांची रेघ ओढा आणि शेजारी आपलं नख धरून बघा. मधलं अंतर किती जणांनी, किती चुका करत कापलं असेल, सांगा बरं?

– तुमच्या बाई