घुगऱ्या, मोसंबी आणि तांब्याभर पाणी

जाफराबादच्या आठवडी बाजारातून आणलेली पिशवी घरी रिकामी केली, की भाजीबरोबर आणखीही बरेच काही घरात येते. कोथिंबिरीच्या मुळांना रानातली माती चिकटलेली असते. काकडीवर शेवटच्या फवारणीचा अंश राहिलेला असू शकतो. मोसंबीच्या सालीला बागेपासून हातगाडीपर्यंत अनेकांचे हात लागलेले असतात. जुडी टवटवीत दिसावी म्हणून तिच्यावर मारलेले पाणी कुठले होते, हे तर कोणीच विचारत नाही. भाजी शिजवायची असेल तर यातले जंतू चुलीवर मरतात. तीच भाजी, तेच फळ कच्चे खायचे असेल, तर धुणे हाच काय तो बंदोबस्त उरतो.

हा विषय आता महत्त्वाचा झाला आहे, कारण कच्चे खाण्याचा सल्ला सगळीकडून मिळतो आहे आणि तो योग्यही आहे. रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या पोटात जाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि शहरांतल्या उपाहारगृहांत ज्वारीचे सॅलड मिळू लागले. जाफराबाद तालुक्याला मात्र हा पदार्थ परका वाटण्याचे कारण नाही. बारशाच्या घुगऱ्या आणि रोजची कोशिंबीर एका वाडग्यात आली, की तयार होते ते हेच सॅलड. त्याला लागणारे जिन्नसही घरचेच आहेत. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२४ मध्ये जालन्याच्या दगडी ज्वारीलाही ते मिळाले.

या जोडीमागे शास्त्र आहे. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिने, तेवढाच तंतुमय भाग आणि ४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. पण धान्यातले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याच घासात क जीवनसत्त्व असेल तर त्याचे शोषण वाढते. ते मोसंबीत, लिंबात भरपूर असते आणि पेरूत मोसंबीच्या जवळपास चौपट. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा राज्यात ज्वारीवर पिळलेल्या लिंबाचे मोल चवीपेक्षा मोठे आहे. फळाचा रस काढून पिण्यापेक्षा फोडी खाल्ल्या, तर चोथाही पोटात जातो आणि रक्तातली साखर एकदम चढत नाही.

मात्र क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, म्हणून फळ कच्चेच खावे लागते. आणि कच्चे खायचे तर ते नीट धुवावे लागते. नीट म्हणजे कसे, याबद्दल घरोघरी बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज भिजत घालण्याचा. पातेलेभर पाण्यात सगळी फळे-भाजी बुडवून थोड्या वेळाने उपसली, की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात एका जुडीची माती आणि त्यातले जंतू त्या पाण्यातून बाकीच्या सगळ्या जिनसांवर पसरतात. माती सुटण्यासाठी भिजवणे ठीक, पण शेवटचे धुणे वरून पडणाऱ्या पाण्याखाली आणि हाताने चोळूनच व्हायला हवे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्राने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेतमाल साध्या नळाच्या पाण्याखाली धुतला, तेव्हा १२ पैकी ९ कीटकनाशकांचे अंश लक्षणीय घटले. औषध पाण्यात किती विरघळते यावर हे अवलंबून नव्हते. पाण्याचा मारा आणि घर्षण यांनीच काम केले. उरलेली तीन मात्र धुऊनही हटली नाहीत आणि त्यांत आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे क्लोरपायरीफॉसही होते.

दुसरा गैरसमज साबणाचा. भांड्यांचा साबण किंवा धुण्याची पावडर फळांना लावू नये. फळांच्या सालीत आणि पानांत बारीक छिद्रे असतात, त्यांत साबण शिरतो आणि मग तोच पोटात जातो. साबण हवा तो हातांना, सुरीला आणि विळीला. मिठाच्या पाण्याने फुलकोबीतल्या अळ्या बाहेर येतात. पण त्याने सगळे जंतू मरतात असे समजू नये. खाण्याच्या सोड्याचा उपयोग काही प्रमाणात होतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर दोन कीटकनाशके लावून पाहिली. सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरचे अंश निघून गेले. सालीच्या आत मुरलेला भाग मात्र तसाच राहिला. त्या पाण्याचे प्रमाण अर्ध्या लिटरला चहाचा एक सपाट चमचा सोडा असे बसते. नंतर साध्या पाण्याने खळबळून घेणे आलेच.

तिसरा गैरसमज सोलून खायच्या फळांचा. मोसंबी, डाळिंब, कलिंगड, खरबूज यांची साल आपण खात नाही, मग ती धुवायची कशाला? कारण सुरी आधी सालीवरून जाते आणि मग गरात उतरते. सालीवरचे जंतू तीच आत पोचवते. अमेरिकेत २०११ मध्ये कोलोराडोतल्या एका शेतावरच्या खरबुजांमधून लिस्टेरियाची साथ पसरली आणि ३३ जण दगावले. खरबुजाच्या खडबडीत सालीच्या खाचांत जंतू सहज टिकतात. म्हणून फळ आधी धुवायचे, पुसायचे आणि मगच चिरायचे.

मोड आलेल्या कडधान्याबद्दलही सावध राहायला हवे. मूग-मटकीला मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. २०११ मध्येच जर्मनीत ई-कोलाय जंतूंची मोठी साथ आली. तीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, पन्नासच्या वर मृत्यू झाले आणि शोध मेथीच्या मोडांपर्यंत जाऊन थांबला. म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि दीर्घ आजारी यांच्या ताटात मोड घालायचे तर ते वाफवूनच घालावेत.

हे सारे वाचून जाफराबाद तालुक्यातली एखादी गृहिणी साधा प्रश्न विचारील: धुवायचे, पण कशाने? दुष्काळी वर्षात जिथे पाणी टँकरने येते, तिथे ‘वाहत्या नळाखाली अर्धा मिनिट धरा’ हा सल्ला थट्टेसारखा वाटतो. जिल्ह्याने २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळताना पाहिल्या आहेत. झाडालाच पाणी नव्हते, तिथे फळ धुवायला कुठून येणार?

उत्तर आहे आणि ते घरातल्या तांब्यात आहे. वाहते पाणी म्हणजे नळच असे नाही. एकाने तांब्यातून बारीक धार सोडायची आणि दुसऱ्याने फळ चोळत फिरवायचे, हेही वाहते पाणीच. आधी कोरडी सफाई करावी: मुळे, माती, सडकी पाने, डाग पडलेला भाग काढून टाकावा. निम्मी घाण पाण्यावाचून जाते. मग घमेल्यात थोडे पाणी घेऊन त्यात कमी मळलेले जिन्नस आधी आणि पालेभाजी शेवटी खळबळावी. शेवटची धार मात्र प्रत्येकावर स्वतंत्र, पिण्यायोग्य पाण्याची. चौघांच्या सॅलडला पाच-सहा लिटरमध्ये हे सारे बसते आणि घमेल्यातले पाणी परसबागेतल्या कढीपत्त्याला जाते.

शेवटच्या धारेच्या पाण्यात मात्र काटकसर चालत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीनचा प्रभाव कमी पडतो. म्हणून टँकरचे पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, फडक्याने गाळावे आणि मग आरोग्य केंद्रातून मिळणारे मेडिक्लोर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. ते नसेल तर पाणी खळखळ उकळून झाकून निववावे. विषमज्वर, कावीळ, हगवण आणि जंत हे घाणेरड्या पाण्यातून येणारे आजार आहेत. अशा पाण्याने फळ धुणे म्हणजे ते आजार फळाला नेऊन लावणेच होय.

आता पदार्थ. वाटीभर ज्वारी निवडून, दोन-तीनदा धुऊन आठ-दहा तास भिजत घालावी. तिप्पट पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कुकरला सहा-सात शिट्ट्या द्याव्यात, मग दहा मिनिटे मंद आच. दाणा बोटाने चेपला की फुटला पाहिजे. पाणी निथळून ज्वारी परातीत पसरावी म्हणजे लवकर निवते. शिजलेले धान्य तासन् तास उबेत राहिले, तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो. त्याचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. निवलेल्या ज्वारीत दोन मोसंब्यांच्या सोललेल्या फोडी, एक पेरू, अर्ध्या डाळिंबाचे दाणे, काकडी, बारीक चिरलेली कोथिंबीर आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घालावेत. वरून लिंबू, जिरेपूड, काळे मीठ. लिंबाने चव येते, लोह मिळते. जंतू मरतीलच अशी खात्री नसते.

हे वाढायचे ते लगेच. चिरलेले फळ दोन तासांहून जास्त उघड्यावर ठेवू नये. मे महिन्याच्या उकाड्यात ही मुदत एका तासावर येते. जिथे वीज जाते-येते तिथे फ्रिजच्या भरवशावर सकाळचे सॅलड रात्रीसाठी ठेवू नये. लागेल तेवढेच करावे.

पण सगळा भार घरातल्या बाईच्या तांब्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. धुऊनही जे जात नाही, ते शेतातच थांबवावे लागते. औषधाच्या डब्यावर त्रिकोणाच्या रंगाबरोबर फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यायचे, हेही दिलेले असते. भाव चढला म्हणून ते दिवस न पाळता तोडलेली काकडी कितीही चोळली तरी निर्धोक होत नाही. तो माल शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरातही खाल्ला जातो, हे विसरू नये.

बाजाराचेही तसेच. भाजीवर शिंपडायला विक्रेता जवळ मिळेल ते पाणी घेतो, कारण दुसरे मिळत नाही. आठवडी बाजाराच्या जागी एक चालू नळ, एक वाहती मोरी आणि माल ठेवायला जमिनीपासून उंच ओटे, एवढे करणे नगरपंचायतीला अवघड नाही. गावोगावी टाकी धुणे, टीसीएल पावडर वेळेवर आणि मापात टाकणे, ओटी टेस्ट घेऊन ती नोंदवणे ही कामे ग्रामपंचायतींकडे आहेतच. पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीनंतर गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणते मिळाले, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. टँकर भरतो त्या विहिरीत औषध टाकले होते का, हाही प्रश्न तिथेच विचारावा.

जालन्याची ज्वारी आणि जालन्याची मोसंबी एका वाडग्यात आणायला पैसे फारसे लागत नाहीत. कमी पडते ते स्वच्छ पाणी, आणि ते नेमके शेवटच्या तांब्याला कमी पडते. तो तांब्या प्रत्येक घरात भरलेला राहिला, तरच कच्चे खाण्याचा सल्ला देण्याला अर्थ आहे.